टँकर क्रमांक सातचं पाणी

१९ जानेवारी १९९१, शनिवार. अल-खोबर

युद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून झाल्या. सायरन वाजला की आतल्या न्हाणीघरात जायचं आणि दाराच्या फटी ओल्या टॉवेलने बुजवायच्या, असं शाहिदभाईंनी ठरवलं आहे. ते एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर आहेत, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची यादी करतात. घरातल्या माणसांच्या यादीत तीन नावं आहेत: ते स्वतः, नूरुन्निसाभाभी आणि त्यांची नऊ वर्षांची अफशाँ. चौथी मी. यादी कोणाच्या हाती पडली तर पंचाईत नको म्हणून मला त्यात घेतलेलं नाही.

स्वतःची नोंद इथे एकदाच करते. रईसा परकार, वय सत्तावीस, दाभोळ, जिल्हा रत्नागिरी. रसायनशास्त्राची पदवी, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. दम्माममधल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये दोन वर्षं नोकरी. नव्या कामगाराचं रक्त तपासल्याशिवाय इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, होत नाही. आमचा मॅनेजर रक्त न काढताच 'तंदुरुस्त' लिहायचा. मी सही करेना, तेव्हा तो माझ्या नावाने स्वतः सह्या करू लागला. अशा त्रेचाळीस सह्या झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मी ते रजिस्टर बॅगेत घातलं आणि बाहेर पडले. पासपोर्ट कफीलाच्या, म्हणजे मला हमीवर इथे आणणाऱ्या दवाखान्याच्या मालकाच्या, तिजोरीत राहिला. माझ्यावर दोन तक्रारी आहेत: फरार होणे आणि चोरी. दोन्ही खऱ्या आहेत. रजिस्टर दूध पावडरच्या मोठ्या डब्यात तांदळाखाली आहे.

मला इथे आणलं ते भाभींच्या धाकट्या भावाने. जाफर मुकादम, पाण्याचा टँकर चालवतो, क्रमांक सात. दवाखान्याला तोच पाणी द्यायचा. पाण्याला गंजाचा वास आला म्हणून मी एकदा त्याचा टँकर परत पाठवला होता. त्याने वाद घातला नाही. टाकी आतून घासून दुसऱ्या दिवशी आला आणि माझी तपासणी होईपर्यंत उन्हात उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये मी रस्त्यावर बॅग घेऊन उभी होते, तेव्हा तो पाणी सोडून निघाला होता. परक्या बाईला केबिनमध्ये बसवता येत नाही. त्याने टॅक्सी थांबवली, बहिणीचा पत्ता सांगितला आणि खोबरपर्यंत टँकर टॅक्सीच्या मागे ठेवला.

टॅक्सीवाला म्हणाला, "ये टँकर पीछे क्यूं पड़ा है?"

मी म्हणाले, "मालूम नहीं."

आल्या दिवशी मी एक अट घातली. कफीलाशी कोणी बोलायचं नाही. बोललं की माझा ठावठिकाणा जातो. मुकादम "बरं" म्हणाला.

राहण्याच्या बदल्यात मी भाभींना स्वयंपाकात मदत करते, अफशाँला गणित शिकवते आणि मुकादम गच्चीवरच्या आमच्या टाकीत भरतो ते पाणी तपासते. मीटर माझा स्वतःचा आहे, पावतीसह. पाण्यात क्षार जितके जास्त तितका आकडा मोठा. आजचा आकडा ४२०. तापमान १८. समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्लांटचं पाणी. उत्तम.

२२ जानेवारी, मंगळवार

सायरन दोनदा. न्हाणीघरात चार माणसं आणि एक बादली. गॅसचे मास्क तीन. शाहिदभाईंनी स्वतःचा मला देऊ केला, मी नको म्हटलं, त्यांनी पुन्हा देऊ केला, एवढ्यात सायरन थांबला.

संध्याकाळी मुकादम चौथा मास्क घेऊन आला. म्हणाला, "कॅम्पात दोन-दोन मिळाले."

शाहिदभाई म्हणाले, कामगारांच्या कॅम्पात माणशी एकच देतात. त्यांची माहिती जुनी असावी.

एक निरीक्षण. मुकादम इमारतीतल्या सगळ्या बायकांना आपा म्हणतो, वयाने लहान असलेल्यांनाही. मला काहीच म्हणत नाही. भाभींनी आज विचारलंसुद्धा, "हिला रे का आपा म्हणत नाहीस?" तो म्हणाला, टँकर चुकीच्या जागी लावलाय, आणि खाली गेला. मी खिडकीतून पाहिलं. टँकर बरोबर जागी होता.

२७ जानेवारी, रविवार

कुवेतकडून समुद्रात तेल सोडलंय. तवंग दक्षिणेला आमच्याकडे सरकतोय. प्लांटच्या तोंडाशी अडवायला तरंगते पट्टे लावले आहेत, असं रेडिओ सांगतो.

जेवताना शाहिदभाईंनी माझं मत विचारलं. मी म्हणाले, तेलाचा अंश माझ्या मीटरला कळत नाही. प्लांटच्या पाण्याची खात्री मी आता देणार नाही. मला विचाराल तर मी हुफूफच्या झऱ्याचं पाणी पिईन. क्षार जास्त, चव जड, पण ते जमिनीखालून येतं, समुद्राशी त्याचा संबंध नाही.

"हुफूफ काय इथं आहे गो? दीडशे किलोमीटर!" भाभी म्हणाल्या. "रस्त्यावर सगळं लष्कर."

"मी फक्त मत सांगितलं," मी म्हणाले.

मुकादम जेवत होता. त्याने भात पुन्हा घेतला.

३१ जानेवारी, गुरुवार

पाण्याचा वार बदलला. सोमवारऐवजी आज आलं. गुरुवार मुकादमच्या सुट्टीचा. कारण विचारलं नाही.

आकडा २१००. तीनदा मोजलं. तापमान ३०.५, बाहेरची हवा १५ असताना. थर्मामीटर बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून तपासला. बरोबर आहे. तापमानाचा पाण्याच्या शुद्धतेशी थेट संबंध नसल्याने तो मुद्दा सोडून दिला.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आकडा २१२०. तापमान ३१.

भाभी दिवसभर कुरकुरत आहेत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, चहा काळा पडतो. पण भावाला एका शब्दाने बोलत नाहीत. हेही निरीक्षण.

मुकादमने खजुराचा डबा आणला. निळा पत्र्याचा, वर काही छापलेलं नाही. म्हणाला, बाजारातून. असेच डबे दवाखान्यात यायचे. कफील त्याच्या हुफूफच्या बागेतून ईदला पाठवायचा. डबे एकाच कारखान्याचे असतील.

अफशाँ म्हणाली, "मामू स्मेल्स लाइक अ फार्म." भाभींनी तिला पाढे म्हणायला बसवलं.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज सवड होती म्हणून गणित मांडलं. प्लांटचं पाणी ४२०. खोबरच्या बोअरचं खारं पाणी ४५०० (खालच्या नळाचं मोजून). २१०० आकडा येण्यासाठी दोन्हींचं मिश्रण करावं लागेल: ५९ टक्के गोड, ४१ टक्के बोअरचं. बोअरचं पाणी कोणीही कुठेही भरू शकतं. गोड्या पाण्याची आता टंचाई आहे. निम्मं गोड पाणी दुसरीकडे देऊन उरलेल्यात खारं भरलं तर कोणाला कळणार नाही. मीटर असलेल्यालाच कळेल.

निष्कर्ष पाण्याच्या वहीत लिहिला: भेसळ.

मुकादमबद्दल असं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. वाटणं हा पुरावा नव्हे. मॅनेजरबद्दलही मला पहिले सहा महिने चांगलं वाटत होतं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मुकादम पाणी भरून वर आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "एक काम होतं. कफील तनाझुल द्यायला तयार आहे."

तनाझुल म्हणजे जुन्या कफीलाने हक्क सोडल्याचा कागद. तो मिळाला तर दोन्ही तक्रारी मागे, पासपोर्ट परत, दुसरीकडे रीतसर नोकरी. इथल्याच एका पाण्याच्या लॅबला सध्या माणसं हवी आहेत. शाहिदभाईंनी तिथे शब्द टाकून ठेवला आहे. तो कागद नाही मिळाला तर पहिल्या तपासणी नाक्यावर मी तुरुंगात.

मी विचारलं, "कफीलाशी कोण बोललं?"

"बोलला एक माणूस. माझ्या भरवशाचा आहे."

"मी अट घातली होती."

"हो. पत्ता कोणी सांगितला नाही." तो जमिनीकडे बघत होता. "कफील म्हणतो, रजिस्टर त्याच्या स्वतःच्या हातात द्यायचं. मॅनेजरच्या नाही. ते बघितलं की सही. पण अठ्ठावीस तारखेनंतर तो कुटुंबाला घेऊन ताइफला जाणार. मग कधी येईल माहीत नाही."

"रजिस्टर कोण नेणार?"

"मी नेतो."

रजिस्टर माझ्याकडचा एकमेव पुरावा आहे. ते जाळलं तर उरते फक्त चोरी. मी वही आणली आणि शेवटची तीन पानं त्याच्यासमोर धरली. त्याने सावकाश वाचलं. 'भेसळ' या शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"एकेचाळीस टक्के," तो म्हणाला.

"अंदाजे."

"आकडे बरोबर आहेत?"

"आकडे तीनदा घेतलेत."

"मग झालं." त्याने वही बंद करून दोन्ही हातांनी परत दिली. "ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडे रजिस्टर देऊ नये. बरोबर आहे तुमचं."

त्याने सफाई दिली नाही. जो निर्दोष असतो तो बोलतो, असं मी धरून चालले होते. दवाखान्यातून निघताना मी स्वतः काही बोलले होते का, ते आता आठवत नाही. बहुधा नव्हते.

भाभी स्वयंपाकघरात होत्या. भांडी जोरात ठेवत होत्या.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मुकादम आला नाही. टँकर क्रमांक तीन आला, चालक केरळचा. आकडा ४३०, तापमान १७. तेलाचा वास नाही. डाळ एका शिट्टीत शिजली. जेवताना अफशाँने विचारलं, "मामू कहाँ है?" शाहिदभाई म्हणाले, काम असेल. भाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि वाढलं मात्र नेहमीपेक्षा जास्त.

पाणी चांगलं आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही. दोन ग्लास कमी प्यायले.

२५ फेब्रुवारी, सोमवार

रात्री साडेआठनंतर सायरन. मग असा आवाज की न्हाणीघराचा आरसा निखळून बादलीत पडला. क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बरॅकवर पडलं. आमच्यापासून फार लांब नाही. किती गेले ते अजून कळलं नाही. बराच वेळ फक्त रुग्णवाहिका ऐकू येत होत्या.

नंतर जिन्यातून हाक आली, "नूरआपा!" मुकादमचा आवाज. दम लागलेला. भाभींनी दार उघडलं. तो खालच्या वळणावरच उभा होता, वर आला नाही.

"सगळे बरे?"

"बरे आहोत. ये ना वर."

"चौघंही?"

"चौघंही रे बाबा."

तो गेला. त्याने मास्क घातला नव्हता. हातातही नव्हता.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आरसा बादलीतून काढला. बादलीतलं पाणी गार होतं. गेल्या आठवड्याचं, १७ अंशांचं पाणी. हात पाण्यातच राहिला आणि मला एक गोष्ट सुचली, जी ३१ जानेवारीलाच सुचायला हवी होती.

प्लांटचं पाणी १७ ते १८ अंश. बोअरचं मी आज पुन्हा मोजलं, २६. मिश्रण आपल्या दोन्ही घटकांपेक्षा गरम असू शकत नाही. ३०.५ अंशांचं पाणी या दोन पाण्यांपासून बनूच शकत नाही. म्हणजे भेसळ नव्हती. ते तिसरंच पाणी होतं. जमिनीतून गरम निघालेलं, लोखंडी टाकीत दोन-अडीच तास प्रवास करून जेमतेम दोन अंश निवलेलं.

गरम झरे हुफूफला आहेत.

मी ही डायरी मागे चाळली. २७ जानेवारी: मी मत सांगितलं. ३१ जानेवारी: वार बदलला. ७ फेब्रुवारी: निळा डबा. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मी प्रत्येक गोष्ट लिहिली होती, फक्त वाचली नव्हती.

भाभींना विचारलं, "मुकादम पाणी कुठून आणत होते?"

भाभी पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "चार आठवडे लागले गो तुला. एवढी शिकलेली."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती त्याने. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, नाक्यानाक्यावर झडती. आणि इथं मी त्या पाण्यात डाळ शिजवतेय. डाळीला पण शपथ घातली असेल, शिजतच नव्हती मेली."

"आणि मास्क?"

"एकच मिळाला होता त्याला."

मी तांदूळ परातीत ओतले आणि रजिस्टर काढलं. भाभींनी त्यावरची पावडर पदराने झटकली आणि शाहिदभाईंच्या स्टोअरला फोन करून भावाला निरोप पोचवला.

चार वाजता तो इमारतीखाली आला. मी स्वतः खाली गेले. भाभी जिन्यात थांबल्या, दिसतील अशा. मी रजिस्टर पिशवीसकट त्याच्या हातात दिलं.

"कफीलाशी बोललेला माणूस तुम्हीच ना?"

"हो."

"अट मोडलीत."

"मोडली." त्याने पिशवी काखेत धरली. "हुफूफचं पाणी म्हणालात. हुफूफला मला एकच माणूस माहीत होता, तुमचा कफील. दवाखान्याला पाणी द्यायचो, म्हणून ओळख. त्याच्या बागेत झरा आहे. पहिल्या दिवशी फक्त पाणी मागितलं, अल्लाची शपथ. दुसऱ्या खेपेला त्याने खजूर दिले आणि विचारलं, एवढ्या लांब पाण्याला कोणासाठी येतोस. मी खोटं बोलू शकलो नाही."

"काय सांगितलंत?"

त्याने टँकरचं दार उघडून पिशवी सीटखाली ठेवली. मग म्हणाला, "तुमची वही मी वाचली तेव्हा तापमानाचा आकडा पण वाचला. वाटलं, कळेल यांना."

२८ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी रेडिओवर युद्धबंदी. रस्त्यावर लोक हॉर्न वाजवत आहेत. उत्तरेकडे आकाश धुराने काळपट आहे.

शाहिदभाईंनी काचांवरच्या फुल्या काढायला घेतल्या. मीही मदत केली. दुपारी एक वाजेपर्यंत सगळ्या काढून झाल्या. नंतर करण्यासारखं काही उरलं नाही. रस्त्यावरून येणारे टँकर मोजले. पाच वाजेपर्यंत चौदा. त्यात सात नंबर नव्हता.

कफीलाने रजिस्टर मॅनेजरला दिलं तर काय. नाक्यावर मुकादमकडे चोरीचं रजिस्टर सापडलं तर काय. हे दोन प्रश्न रजिस्टर देण्याआधी विचारायला हवे होते. विचारले नाहीत. दिल्याचा पश्चात्ताप मात्र नाही. याचं स्पष्टीकरण देता येत नाही.

पाच चाळीसला सात नंबर आला.

मुकादमने सगळ्यांसमोर कागद टेबलावर ठेवला. तनाझुल. शिक्का, सही, तारीख. सोबत माझा पासपोर्ट. शाहिदभाईंनी अरबी मजकूर दोनदा वाचला आणि एकदा उलट्या बाजूनेही पाहिला. सगळं रीतसर आहे. मी आता फरार नाही.

"काय म्हणाला म्हातारा?" भाभींनी विचारलं.

"एकेक पान बघितलं. त्रेचाळीस सह्या बोटाने मोजल्या. मग मॅनेजरला फोन लावला, ते सांगण्यासारखं नाही." मुकादम पाणी प्यायला. "मग मला म्हणाला, माझ्या झऱ्याचं पाणी तिने तपासलं असेल ना, काय म्हणाली? मी म्हटलं, भेसळ म्हणाली."

शाहिदभाईंनी डोक्याला हात लावला.

"म्हातारा हसायला लागला. म्हणाला, चाळीस वर्षं सगळे मला सांगतात, शेख, तुमच्या पाण्यासारखं गोड पाणी नाही. ही खरं लिहिते. यल्ला, कागद आण."

२ मार्च, शनिवार

पाण्याच्या लॅबने होकार दिला. दहा तारखेपासून रुजू व्हायचं. दुसरा पर्यायही आहे: पासपोर्ट हातात आहे, मुंबईचं विमान सुरू होतंय. भाभी म्हणाल्या, दाभोळला आई वाट बघत असेल. मी म्हणाले, हो. आईला पत्र लिहिलं. तारीख लिहिली नाही.

मुकादम दोन दिवस आला नाही. भाभी म्हणतात, "तो आता कशाला येईल? काम झालं तुझं."

५ मार्च, मंगळवार

आज पाण्याची वही पुरी केली.

लॅबमध्ये चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत, कागद फाडत नाहीत. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, वर बरोबर नोंद लिहायची, सही आणि तारीख. 'भेसळ'वर रेघ मारली. वर लिहिलं: 'हुफूफचा झरा. शुद्ध.' सही, र. प., ५/३/९१.

मग भाभींकरवी निरोप पाठवला की वही दाखवायची आहे. संध्याकाळी तो आला. दारातच उभा राहिला. दुरुस्ती वाचली. बराच वेळ वाचली, शब्द तीनच होते.

मी म्हणाले, "ही नोंद अजून अपुरी आहे. नमुना टँकरमधून घेतलेला आहे. नियमाप्रमाणे तो उगमापाशी घ्यावा लागतो."

"मी बाटलीत भरून आणतो."

"तपासणाऱ्याने स्वतः घ्यावा लागतो. मला हुफूफला जावं लागेल."

"टँकरनं?"

"दुसरं वाहन आहे तुमच्याकडे?"

"नाही. पण..." त्याने भाभींकडे पाहिलं. "केबिनमध्ये परक्या बाईला बसवता येत नाही. नाक्यावर धरतात."

"ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "ती अडचण दूर करायचा एकच कायदेशीर मार्ग आहे. तुमची हरकत नसेल तर."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. बहुधा लाटणं. शाहिदभाई वर्तमानपत्र वाचत होते, ते उलटं होतं.

मुकादमने वही मिटली. पुन्हा उघडली. म्हणाला, "दाभोळला तुमच्या घरी विचारावं लागेल."

"पत्र तयार आहे. निकाहाची तारीख घालायची राहिली होती."

"रमजान सतराला लागतोय."

"त्याच्या आधी."

"पाणी खारट आहे पण," तो म्हणाला. "आयुष्यभर डाळ शिजणार नाही."

"डाळ रात्रभर भिजवली की शिजते," मी सांगितलं. "मी करून बघितलंय."

त्याने होकारार्थी मान हलवली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला आणि परत वर आला.

"रईसा," तो म्हणाला. पुढे काही बोलायचं नव्हतं. तेवढंच म्हणून बघायला आला होता.

जाफर गेल्यावर पत्रात तारीख घातली.